किरकोळ सुधारणा

महापे एमआयडीसीत, केमिकलच्या वासाकडे पाठ करून बसलेल्या
एका काचेच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर
आम्ही 'मूठ' बनवतो.
नाव टिपणीस सरांचं. झाकली मूठ सव्वा लाखाची,
वर्षाची वर्गणी सातशे नव्याण्णव.

लोक फायली दाबतात
आणि मला लिहितात.

तुर्भ्याच्या मार्केटातून, लसणाच्या गाळ्यावरून:
हिशेब मेलमध्ये मावत नाही, तुकडे करून द्या,
पण जोडायचे कसे तेही एखाद्या तुकड्यात लिहा,
आमचे मेहताजी विसरतात.

नेरूळहून एक निवृत्त गृहस्थ:
बंद झाल्यावर आवाज हवा, कुलूप लागल्यासारखा.
त्याशिवाय झोप येत नाही.
(हा आम्ही दिला. सरांनी घरच्या कपाटाचं कुलूप
तीन वेळा लावून रेकॉर्ड केलं.)

वर्तकनगरच्या कुंदा रणपिसे:
ह्यांनी पासवर्ड सांगितलाच नाही.
तीनदा चुकल्यावर एक तरी अक्षर दाखवा.
पहिलं.
मी लिहिलं, क्षमस्व, आम्हालाही ते माहीत नसतं.
पुसलं.
मग तेच पुन्हा लिहिलं.

आणि रोज, कुठून ना कुठून तरी:
फोटो लहान का होत नाहीत?
याचं उत्तर मला पाठ आहे.
फोटो आधीच दाबलेला असतो.
दाबलेलं आणखी दाबता येत नाही.

मग घणसोली गावातून बाळाराम मढवी:
"म्याडम, मूठ उघडली का नावा जातान.
आकडा रहाते, नाव जाते.
आमचा आधी पन आसाच झालाय."

सोबत वकिलाच्या पडद्याचा फोटो:

?????? ??? 1974
?????? ???? 12.5
???? 39
???? 40
???? 41

मी फोन करून विचारलं, खरी नावं काय?
त्यांनी वाचून दाखवली, सावकाश,
हजेरी घेतात तशी.
बापाची सही. जमीन गेली ती, साडेबारा टक्के.
फेरा, फेरा, फेरा.

मागणीला मतं पडली तीन.
त्यातली दोन मढवींच्याच घरातली असावीत.
सर म्हणाले, पुढच्या तिमाहीत बघू,
मतं वाढू देत.

शुक्रवारी सगळे गेल्यावर मी बघितलं.
अकरा नंबरचा एक बिट.
फाइलचं नाव कसं वाचायचं, एवढंच तो सांगतो.
कोणीतरी, कधीतरी,
शून्यावर सोडून गेलेलं.
एक केला.
चाळीस सेकंदांचं काम, आणि
रात्री दहापर्यंत तपासत बसले, कारण
ज्ञ आणि र्‍या यांच्यावर माझा विश्वास नाही.

नव्या आवृत्तीच्या यादीत
कुलपाचा आवाज सर्वांत वर, ठळक.
तळाशी मी लिहिलं: किरकोळ सुधारणा.

सोमवारी मढवींचं बोचकं आलं,
बरोबर एक अक्षरही नाही.
उघडलं.
नावं होती. काना, मात्रा, सगळं जागच्या जागी.
'साडेबारा'तला डा त्यांनी ढा लिहिलाय,
तोही जसाच्या तसा आला.

फेऱ्यांची पत्रं सुंदर दाबली गेली होती,
ब्याण्णव टक्के बचत.
एकेचाळीस पत्रांत एकच वाक्य:
आपले प्रकरण विचाराधीन आहे.
मूठ ते एकदाच लिहिते,
पुढे चाळीस वेळा नुसतं बोट दाखवते:
मागे बघ.

शेवटी 'बापाची सही 1974'.
सही नव्हतीच ती. अंगठा होता.
निळा, डावीकडे फरकटलेला,
दुसऱ्या कोणीतरी मनगट धरून
जोरात दाबलेला.

सवयीने मुठीत टाकून पाहिला.
कुलूप वाजलं.
बचत: शून्य टक्के.